पावसाचा डोंगर, उन्हाचा डोंगर

संयुक्त अरब अमिरातीत पर्जन्यवन नाही. वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या देशात ते असण्याचे कारणही नाही. डोंगर मात्र आहेत, आणि ते लुटुपुटूचे नाहीत. मुसंदमच्या टोकापासून निघून ओमानात दूरवर जाणारी हजर पर्वताची रांग सुमारे सातशे किलोमीटर लांब आहे. तिचा उत्तरेकडचा तुकडा रास अल खैमा, फुजैरा, शारजाचा पूर्व भाग आणि दुबईचे हत्ता यांच्या वाट्याला आला आहे. रास अल खैमातील जबल जैस सुमारे 1,900 मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या 1,646 मीटरहून अडीचशे मीटरने अधिक. गंमत अशी की जैसचा अगदी वरचा माथा सरहद्दीपलीकडे, ओमानात पडतो.

अमिरातीत राहायला आलेल्या मराठी माणसाच्या मनात सह्याद्रीने आधीच ठाण मांडलेले असते. त्यामुळे हजरकडे पाहताना तुलना टळत नाही, आणि तुलनेतून वाद निघतो: डोंगर चढणाऱ्याचा खरा कस पावसाळी जंगलात लागतो की उघड्या, कोरड्या कड्यावर? या वादाचे दोन पक्ष पुढे संवादरूपाने मांडले आहेत. एक पक्ष भाचीचा. ती साताऱ्याची, सह्याद्रीत हिंडून तयार झालेली आणि नोकरीनिमित्त नुकतीच अबुधाबीला आलेली आहे. दुसरा पक्ष मामांचा. ते बरीच वर्षे शारजात आहेत आणि हिवाळ्यात हजरमध्ये नेमाने जातात.

भाची : मामा, राग मानू नका, पण जैसवर आपण गाडीने गेलो. वर कॅफे, झिपलाइन, गाड्या लावायला ऐसपैस जागा. याला डोंगर म्हणायचं? आमच्याकडे वासोट्याला जायचं तर आधी बामणोलीहून बोटीने शिवसागर ओलांडायचा, वनखात्याच्या चौकीवर नावं नोंदवायची आणि मग कोयनेच्या जंगलात शिरायचं. आत शिरलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. इथे तर गाडीतूनच अख्खा डोंगर दिसतो.

मामा : सिंहगडावरही गाडी जाते. म्हणून सिंहगडाचे कडे सोपे झाले का? डांबरी रस्ता सोडून दोनशे पावलं डावीकडे चल, मग बोलू. आणि डोंगर दिसतो म्हणतेस ना? दिसतो, तीच तर फसगत आहे. समोरची धार अर्ध्या तासावर वाटते आणि तिथे पोचायला तीन तास लागतात. झाड नाही, घर नाही, गुरं नाहीत. डोळ्याला माप कशाचं लावणार?

जैसच्या झिपलाइनचा उल्लेख भाचीने कुत्सितपणे केला असला तरी त्यात तथ्य आहे. 2018 साली सुरू झालेली ही 2.83 किलोमीटरची तार जगातील सर्वांत लांब झिपलाइन म्हणून नोंदली गेली आणि हजर पर्वताची बाहेरची ओळखच त्या तारेवर लोंबकळू लागली. घाटरस्त्याने वर जाऊन गार हवा खाऊन परतणाऱ्याला डोंगराचा खडक पायाखाली येतच नाही.

खडकापासूनच दोन पर्वतांचा फरक सुरू होतो. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या कातळाचा डोंगर आहे. त्याचे थर आडवे असल्याने कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा अशी पायऱ्यांची रचना तयार होते आणि चढणाऱ्याला मधूनमधून विसावा मिळतो. हजरचे दोन प्रकार आहेत. रास अल खैमाकडचा भाग प्राचीन उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडीचा. तिच्या कडा करवतीसारख्या धारदार असतात, बुटाचे तळ फाडतात आणि तोल जाऊन हात टेकला तर तळवा सोलून काढतात. दक्षिणेला हत्ता-फुजैराकडे गेले की डोंगर तपकिरी-काळे होतात. तो खडक मुळात समुद्रतळाचा, साडेनऊ कोटी वर्षांच्या आसपासचा आणि भूकवचाच्या हालचालीत जमिनीवर ढकलला गेलेला. तो तडकतो, भुगा होतो आणि उतारावर सुट्या दगडांचे थर साचतात. पाय ठेवला की दगडांसह माणूस खाली सरकतो. घसाऱ्याची वाट मराठी ट्रेकरला नवी नाही; पण सह्याद्रीत घसाऱ्यावर हाताला कारवीचे दांडे लागतात. इथे हाताला लागतो तो आणखी एक सुटा दगड.

भाची : कारवी धरून चढायला मिळते म्हणून जंगल सोपं, असं म्हणू नका. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, चिखल, वर पानांचा थर, त्याखाली मूळ आहे की खड्डा, पत्ता लागत नाही. जळवा मोज्याच्या विणीतून आत जातात. अंधारबनात भर दुपारी संध्याकाळ वाटते. धुकं आलं की पुढचा माणूस हाक मारली तरच असल्याचं कळतं. तिथे वाट चुकली तर चुकलीच.

मामा : मान्य. पण जळवेनं कोणी मेल्याचं ऐकलंस? मीठ टाकलं, चुना लावला, सुटली. आता मला सांग, वासोट्याला जाताना पाणी किती नेतेस?

भाची : एक बाटली. फार तर दोन. वाटेत ओढा असतो, गडावर टाकं असतं.

मामा : बघ. इथे हिवाळ्यातसुद्धा दिवसभराच्या वाटेला माणशी चार-पाच लिटर लागतं, आणि ते सगळं पाठीवर. तुझ्या पाठपिशवीतलं निम्मं वजन पाण्याचंच. आणि संपलं तर संपलं.

वादाचा गाभा इथे आहे, आणि तो पाण्याचा आहे. सह्याद्रीत तयार झालेला ट्रेकर पाण्याला गृहीत धरतो, कारण जून ते सप्टेंबर तो डोंगर पाण्यानेच भरलेला असतो. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे चार महिन्यांचे पाणी धरून ठेवणाऱ्या अंजनी, जांभूळ, हिरड्याच्या सदाहरित आणि निमसदाहरित पट्ट्यांमुळेही कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांना 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. अशा डोंगरात तहान हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. त्रास होतो तो घामाचा. हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने घाम निथळतो पण वाळत नाही, शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते आणि पंचवीस अंश तापमानातही माणूस गळून जातो. भाचीचा पक्ष इथे मजबूत आहे: दमट जंगलातली दमणूक तापमापकात दिसत नाही.

कोरड्या डोंगरात याच्या उलट घडते. घाम फुटताक्षणी वाळतो. शर्ट कोरडाच राहतो आणि अंगातून तासाला किती पाणी निघून गेले याचा अंदाज येत नाही. खूण असते ती कॉलरवर आणि पाठपिशवीच्या पट्ट्याखाली उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघेची. त्यानंतर डोके ठणकू लागते, लघवी गडद होते, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि शेवटी माणूस असंबद्ध बोलू लागतो. त्या क्षणी तो आजारी नसून मरणाच्या वाटेवर आहे, असेच सोबत्यांनी समजावे. उन्हाळ्यात पायथ्याचे तापमान पंचेचाळीस अंशांवर जाते, म्हणून हजरमधील पायपीट नोव्हेंबर ते मार्च एवढ्यापुरतीच करावी. या महिन्यांत दुसरे टोक गाठले जाते: जबल जैसवर 2004, 2009 आणि 2017 साली हिमवर्षाव झाला आहे. दुपारी टोपी आणि रात्री जाकीट, दोन्ही एकाच पिशवीत लागतात.

दिवसाचाही हिशेब बदलतो. सह्याद्रीत जुलैमध्ये सात वाजेपर्यंत उजेड असतो. अमिरातीत डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खोल वादीत त्याच्या बऱ्याच आधी सावली भरते. वादी म्हणजे डोंगरांमधली कोरडी नदी. परतीची वाट बहुधा तिच्यातूनच असते.

भाची : इतका निर्दय डोंगर असेल तर तिथे माणूस कधी राहिलाच नसेल. आमच्याकडे प्रत्येक घाटवाटेला गाव आहे, धनगरवाडा आहे, देवराई आहे. वाट विचारायला माणूस भेटतो. मला डोंगर आवडतो तो त्या माणसांमुळे.

मामा : इथे तू चुकतेस. गलीलाजवळच्या वादीतून वर जाणारी एक वाट आहे, लोक तिला स्टेअरवे टू हेवन म्हणतात. तिच्या पायऱ्या पर्यटन खात्याने बांधलेल्या नाहीत.

मामांचा रोख शिहूह जमातीकडे आहे. रास अल खैमा आणि मुसंदमच्या या डोंगरी लोकांनी कड्यांच्या बेचक्यांत दगड रचून पायऱ्या केल्या, उतारावर बांध घालून माती अडवली आणि हिवाळ्याच्या पावसावर गहू, जव पिकवले. उन्हाळा आला की ते किनाऱ्यावर उतरत, खजुराची तोडणी आणि मासेमारी करत. डोंगरावरचे घर मागे बंद राही. या घराला अरबीत ‘बैत अल कुफ्ल’, म्हणजे कुलपाचे घर म्हणतात. त्याची जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा खोल, भिंती जाडजूड दगडांच्या, छप्पर लाकडे, दगड आणि मातीचे. दार इतके बुटके की आत जाताना जवळजवळ रांगावे लागते. आतले धान्याचे मोठे रांजण त्या दारातून आत किंवा बाहेर जाऊच शकत नाहीत, कारण ते आधी ठेवून मग भिंती चढवलेल्या असतात. चोराने दार फोडले तरी रांजण हलत नाही. पावसाचे पाणी साठवायला खोदलेली टाकी वस्त्यांजवळ दिसतात.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची खडकात कोरलेली टाकी ज्याने पाहिली आहेत त्याला हे ओळखीचे वाटेल. फरक प्रमाणाचा आहे. गडावरचे टाके एका पावसाळ्यात भरून वाहते. हजरमधले टाके कधी भरेल याची खात्री नसते आणि भरलेले असले तरी आज त्यावर विसंबून जाऊ नये.

भाची : म्हणजे माणसं होती, वाट होती, टाकी होती. मग तो जिना चढायला काय हरकत आहे? दीड हजार मीटर चढण म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेपेक्षा जास्त, एवढंच ना?

मामा : एवढंच नाही. नळीच्या वाटेने वर पोचलीस की कोकणकड्यावर झोपडीत पिठलं-भाकरी मिळते. तिथे वर पोचल्यावर काहीच नाही, आणि त्याच दिवशी उतरायचं असतं. शिहूह लोकांनी पायऱ्या रचल्या त्या ओळखीच्या पावलांसाठी. कुठला दगड डुगडुगतो ते त्यांना ठाऊक होतं. त्या वाटेवर लोक अडकले आहेत, जिवानिशी गेले आहेत. शिवाय वरचं टोक ओमानच्या सरहद्दीला लागून. मोबाइलवर तिकडचं नेटवर्क येतं आणि तुला वाटतं आपण अजून रास अल खैमातच आहोत.

जंगल नसले तरी झाडे अगदीच नाहीत असे नाही, हेही नोंदवायला हवे. वादीच्या गोट्यांतून कण्हेर उगवते आणि जमिनीखाली ओल असल्याची ती खूण असते. तिचा कुठलाही भाग विषारी असल्याने चुलीला किंवा काठीला ती तोडू नये. बोरीच्या कुळातले सिद्र आणि काटेरी समर ही सावलीची झाडे. रानशेवग्याची एक जात कड्यांच्या सांध्यांत तग धरून आहे. डोंगर उतरून वाळूत आले की घाफ भेटतो. 2008 साली राष्ट्रीय वृक्ष ठरलेला घाफ म्हणजे दसऱ्याच्या पूजेतली शमीच, तीच जात. फुजैरातील वादी वुरय्या हे तर बारमाही पाण्याचे ठिकाण. 2009 साली ते संरक्षित झाले आणि 2018 साली युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आले. अरबी ताहरसारख्या दुर्मिळ प्राण्याचा तिथे अधिवास असल्याने मनाला येईल तसे हिंडता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

भाची : पण पाऊसच नाही त्या डोंगरात पावसाची भीती कशाला? तुम्ही आभाळात एक ढग दिसला तरी बेत रद्द करता. आमच्याकडे पाऊस बघून लोक घराबाहेर पडतात.

हा प्रश्न सह्याद्रीहून आलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो, आणि घातही याच ठिकाणी होतो. जंगलाची जमीन पाणी पिते. पानांचा थर, मुळे, माती यांतून झिरपत ते ओढ्याला मिळते. ओढा फुगतो, पण बहुधा काही इशारा देऊन. हजरच्या उघड्या खडकावर मातीच नाही. दहा-पंधरा किलोमीटर वर पडलेली सर थेट वादीत उतरते आणि चिखल, दगड, झाडे घेऊन एका लोंढ्याने खाली येते. खाली उभा असलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा निरभ्र आकाश असू शकते. 16 एप्रिल 2024 रोजी अल ऐनच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांत 254.8 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. 1949 पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक. आंबोलीत असा दिवस जुलैत उजाडला तर फार तर शाळांना सुट्टी मिळते. अमिरातीत त्या दिवशी विमानतळ, महामार्ग आणि वाद्या, सगळेच पाण्याखाली गेले.

मामा : मे 2023 पासून कायदाही कडक आहे. पाऊस चालू असताना वादी किंवा धरणापाशी गर्दी केली तर एक हजार दिरहम आणि सहा ब्लॅक पॉइंट. वाहत्या वादीत गाडी घातली तर दोन हजार दिरहम, तेवीस पॉइंट आणि गाडी साठ दिवस जप्त. चोवीस पॉइंटला परवाना निलंबित होतो, म्हणजे हिशेब लक्षात घे.

भाची : दंडाने माणूस शहाणा होतो का, मामा? आपल्याकडेही दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदीहुकूम काढतात. तरी 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. वरून पाणी वाढेल हे त्यांना कळलंच नाही. तिथे तर जंगलही होतं, मातीही होती.

भाचीचा हा मुद्दा तिच्या स्वतःच्या पक्षाच्या विरोधात जातो, पण तो खरा आहे. सह्याद्रीची जमीन एकदा तुडुंब झाली की तीही पाणी पिणे थांबवते, आणि मग भुशीचा ओढा वादीसारखाच वागतो. पाणी आपल्या डोक्यावरच्या ढगातून नव्हे, तर दिसत नसलेल्या माथ्यावरून येते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.

बचावकार्यात मात्र दोन डोंगर पुन्हा वेगळे होतात, आणि इथे उघडा डोंगर सरस ठरतो. अमिरातीत राष्ट्रीय शोध व बचाव केंद्राचे हेलिकॉप्टर अडकलेल्या माणसाला उघड्या धारेवर शोधून दोरावरून उचलू शकते. दाट जंगलात, धुक्यात हेलिकॉप्टरचा उपयोग जवळजवळ शून्य. सह्याद्रीत हे काम लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक करतात. रात्री-अपरात्री, भर पावसात, जखमीला स्ट्रेचरवर बांधून ते माणसांच्या खांद्यांवर खाली आणतात. एका किलोमीटरला कित्येक तास लागतात. भाचीने जंगल अवघड म्हटले ते या अर्थाने निर्विवाद आहे.

दोन्ही पक्षांना एकाच चढाईत भेटायचे असेल तर उष्ण कटिबंधातल्या बेटांवर जावे लागते. बोर्निओतील किनाबालू, 4,095 मीटर. मळलेली वाट 1,866 मीटरवर सुरू होते आणि पनालाबानच्या निवाऱ्यांपर्यंत, म्हणजे सुमारे 3,270 मीटरपर्यंत, ओल्या जंगलातून मुळांच्या पायऱ्यांवरून जाते. तिथून वर झाडे संपतात आणि उघडा ग्रॅनाइट लागतो. मध्यरात्रीनंतर दोर धरून त्यावर चढावे लागते. परवाना आणि वाटाड्या सक्तीचे आहेत. जून 2015 मध्ये भूकंपाने कोसळलेल्या दगडांखाली अठरा जण दगावले. त्या डोंगरावर खालच्या टप्प्यात भाचीचे म्हणणे पटते, वरच्या टप्प्यात मामांचे.

अमिरातीतून गाडीने गाठता येईल असे पावसाळी जंगल शेजारच्या ओमानात आहे. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वाऱ्याची एक कड सलालाजवळच्या धोफार डोंगरांना लागते. झिमझिम आणि धुके, एवढाच तो पाऊस. पण धावड्याच्या भाऊबंदांपैकी एक झाड तिथे पानांवर धुके धरून मुळांशी ठिबकवते आणि त्यावर अख्खे जंगल जगते. अमिरातीतली कितीतरी कुटुंबे जुलै-ऑगस्टमध्ये हजारेक किलोमीटर गाडी हाकत तिकडे जातात.

भाची : सलालाला जाऊच. पण आधी तो जिना.

मामा : जिना या हिवाळ्यात नाही. रास अल खैमातल्या शौका धरणाजवळच्या वाटा आहेत, तिथे दोन-तीन शनिवार काढ. चार लिटर पाणी उचलून चालायची सवय लाव, सुट्या दगडांवर आणि घसाऱ्यावर पाय बसू दे. मग वाटाड्या बघू, वाट त्या दिवशी खुली आहे का ते विचारू.

भाची : आणि ढग आला तर?

मामा : तर घरी बसायचं. तुझी मामी मिसळ करेल.

हजरला प्रथमच जाणाऱ्याने मामांचे ऐकावे. सह्याद्रीत कमावलेला दम इथे उपयोगी पडतो, सह्याद्रीत लागलेली पाण्याची सवय पडत नाही. सूर्योदयाआधी निघावे, माणशी चार-पाच लिटर पाणी घ्यावे, वाटेची माहिती घरी लिहून ठेवावी, निम्मे पाणी संपले की शिखर समोर दिसत असले तरी मागे वळावे, आणि हवामान खात्याच्या अंदाजात डोंगरी भागात पाऊस असेल त्या दिवशी वादीत उतरू नये.